तापलं की सैल, निवलं की घट्ट

विठ्ठलवाडीवरून रूळ गेले १८५६ साली. १८५३ला गाडी ठाण्यापर्यंत आली, १८५४ला कल्याणला, आणि मग पळसदरीमार्गे खोपोलीकडे. त्याआधी या वाटेवर बैलगाड्या चालायच्या. गंमत म्हणजे बैलगाडीचं चाक आणि वाफेच्या इंजिनाचं चाक, दोन्ही एकाच युक्तीवर फिरत होती.

लाकडी चाकावरच्या लोखंडी पट्टीला धाव म्हणतात. लोहार ती चाकापेक्षा किंचित लहान करायचा, गोवऱ्यांच्या जाळात तापवून चाकावर चढवायचा आणि वरून पाणी ओतायचा. निवताना धाव आवळायची आणि सगळे आरे घट्ट बसायचे. माप जास्त लहान झालं तर चाकच पिचणार, मोठं राहिलं तर उन्हाळ्यात लाकूड सुकलं की धाव निसटणार. इंजिनाच्या चाकावरचं पोलादी टायरही असंच तापवून चढवायचे.

चढवणं जमलं. खरी अडचण काढताना यायची. बाहेरची रिंग जाळावर सावकाश तापवली, तर उष्णता आतल्या दांड्यातही उतरते. दोन्ही एकदम फुगतात आणि पकड तशीच राहते. मग छिन्नी, हातोडा किंवा गॅस कटर. म्हणजे काढायची वस्तू मोडूनच काढायची.

यावरच्या उत्तराचं मूळ १८३१ मध्ये आहे. मायकेल फॅरेडेने लोखंडी कड्यावर दोन वेगळ्या तारा गुंडाळल्या. एका तारेतला प्रवाह चालू-बंद केला की दुसरीत क्षणभर प्रवाह यायचा. इंडक्शन हीटरमध्ये दुसऱ्या तारेची जागा बेअरिंगची रिंग घेते. कॉइलमधल्या उलटसुलट प्रवाहामुळे रिंगमध्येच प्रवाह फिरतो आणि ती आतून तापते. घरची इंडक्शन शेगडी याच तत्त्वावर चालते.

हिशेब साधा आहे. पोलाद दर अंशाला लांबीच्या दहा लाखांत सुमारे १२ भाग वाढतं. १०० मिलिमीटर भोकाची रिंग ९० अंशांनी तापवली, तर भोक जेमतेम ०.१ मिलिमीटर मोठं होतं. कागदाच्या जाडीइतकं. बसवायला तेवढं पुरतं. काढताना मात्र वेग लागतो: रिंगभोवती कॉइल ठेवायची आणि दांडा तापायच्या आत रिंग ओढून घ्यायची. बेअरिंग साधारण १२० अंशांपुढे नेत नाहीत, कारण पोलादाची कठीणता उतरू शकते. शेवटी रिंगमधलं चुंबकत्वही काढावं लागतं, नाहीतर ती लोखंडी कीस ओढून घेते आणि रोलर खराब होतात.

म्हणजे जाळ गेला, कॉइल आली. मोडून काढायची रिंग आता साबूत निघते आणि तपासून पुन्हा बसवता येते. पण हीटर फक्त उष्णता देतो. रिंग दांड्यापेक्षा किती लहान ठेवायची, हा लोहाराचा प्रश्न आजही तापवण्याआधीच सोडवावा लागतो. तो चुकला, तर कुठलीही कॉइल पकड देऊ शकत नाही.