थेरपिस्ट ‘फरक’ मोजतात कशाने? चाचण्यांचं ग्रंथालय असं उभं राहतं

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर घरात कुणाची थेरपी सुरू झाली की महिन्याभरात एकच प्रश्न सुरू होतो: फरक पडतोय का? घरचे म्हणतात पडतोय, पेशंट म्हणतो काही नाही. थेरपिस्टला मात्र अंदाजाने बोलून चालत नाही. व्यायाम बदलायचा का, घरी सोडायचं का, जिना चढू द्यायचा का, हे ठरवायला मोजमाप लागतं. त्यासाठी फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि स्पीच थेरपीत ठरलेल्या चाचण्या असतात. शिकागोच्या ‘शर्ली रायन अ‍ॅबिलिटीलॅब’ या पुनर्वसन रुग्णालयाने ऑनलाइन ठेवलेल्या यादीतच अशा पाचशेहून जास्त चाचण्या आहेत.

मग एखाद्या कॉलेजने किंवा रुग्णालयाने यांचा संग्रह करायचा म्हटलं तर सुरुवात कुठून करायची?

स्वस्तातल्यापासून. हे ऐकायला साधं वाटतं, पण बरेच जण आधी परदेशी महागडं किट मागवतात आणि ते कपाटात धूळ खातं. ‘टाइम्ड अप अँड गो’ ही १९९१ मधली चाचणी घ्या. हातांची खुर्ची, जमिनीवर ३ मीटरची खूण आणि घड्याळ एवढंच लागतं. उठायचं, चालत जायचं, वळून परत यायचं, बसायचं. ज्येष्ठांना यासाठी १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं अमेरिकेची सीडीसी ही संस्था मानते. १९६५ चा ‘बार्थेल इंडेक्स’ तर एका कागदावर मावतो. जेवण, अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं अशा १० गोष्टी आणि एकूण १०० गुण. तोल मोजणाऱ्या ‘बर्ग बॅलन्स स्केल’मध्ये १४ कृती आणि ५६ गुण. या तिघांवर रोजचं बरंच काम निघतं.

ऑटिझमसाठी आपल्याकडे भारतात तयार झालेली ‘इसा’ ही मोजपट्टी आहे. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत बनलेल्या या पट्टीत ४० मुद्दे आहेत. एकूण गुण ७० पेक्षा कमी असतील तर ऑटिझम नाही असं धरतात. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ती वापरली जाते. म्हणजे इथे चुकीचा फॉर्म किंवा अर्धवट शिकलेला माणूस असेल, तर एखाद्या मुलाचं प्रमाणपत्रच अडतं.

आता वस्तूंकडे येऊ. ‘बॉक्स अँड ब्लॉक’ चाचणीत मधे आडवी पट्टी असलेली पेटी असते आणि २.५ सेंटिमीटरचे १५० लाकडी ठोकळे. एका मिनिटात एका हाताने किती ठोकळे पलीकडे टाकले ते मोजायचं. पेटी सुताराकडून करून घेता येते, पण मापात मिलिमीटरचीही सूट नको. कारण तुमच्या पेशंटचा आकडा ज्या निरोगी लोकांच्या आकड्यांशी ताडून बघायचा, त्यांनी ठरलेल्या मापाची पेटी वापरली होती. पेटीची भिंत उंच झाली की तुलनाच संपली. हाताची पकड मोजणारा डायनॅमोमीटर दरवर्षी तपासून घ्यावा लागतो. पडून-आपटून तो दोन किलो कमी दाखवायला लागला, तर चांगला सुधारलेला हातही ‘आहे तिथेच’ दिसेल.

आणि खरी डोकेदुखी आहे कॉपीराइटची. स्मरणशक्ती तपासणारी ‘मिनी मेंटल’ ही ३० गुणांची चाचणी १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढची पंचवीसेक वर्षं जगभरचे डॉक्टर तिच्या झेरॉक्स काढत राहिले. नंतर तिचे हक्क एका प्रकाशन कंपनीकडे गेले आणि प्रत्येक फॉर्मला पैसे लागायला लागले. २०११ मध्ये ‘स्वीट १६’ नावाची एक नवी मोफत चाचणी हक्कांच्या वादामुळे इंटरनेटवरून काढून टाकावी लागली. म्हणून संग्रह करताना प्रत्येक चाचणीच्या नोंदीत स्पष्ट लिहायचं: मोफत आहे, परवानगी लागते की विकत घ्यायची. विकतच्या चाचणीचे फॉर्म संपतात, ते दरवर्षी पुन्हा घ्यावे लागतात. किटला बजेट मिळतं आणि फॉर्मला मिळत नाही, मग झेरॉक्सचा मोह होतो. तो बेकायदा तर आहेच, शिवाय पुसट झेरॉक्सवर चित्रं ओळखायला लावली तर पेशंटचा काय दोष?

मराठीचं काय? नुसतं भाषांतर करून भागत नाही. ‘मिनी मेंटल’मध्ये एक इंग्रजी शब्द उलटा सांगायचा असतो. (शब्द इथे मुद्दाम देत नाही. सराव करून आलेल्या माणसाची चाचणी निरुपयोगी होते, म्हणूनच असे संच कुलूपबंद ठेवतात.) जोडाक्षरं आणि काना-मात्रा असलेल्या लिपीत तो प्रश्न तसाच उतरत नाही. शाळेत न गेलेल्या आजीला तर तो लागूच नाही. १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडमध्ये अशाच लोकांसाठी या चाचणीचं हिंदी रूप तयार झालं. त्यात वाक्य लिहायला लावण्याऐवजी घराबद्दल काहीतरी सांगायला लावतात. हाताच्या ‘जेब्सन-टेलर’ चाचणीत (१९६९) चमच्याने राजमा उचलायचा असतो. आयुष्यभर हाताने भाकरी मोडून खाल्लेल्या माणसाचा चमचा अडखळला, तर तो आजारामुळेच असं कसं म्हणायचं? मराठी रूप घेताना ते नुसतं भाषांतर आहे की मराठी पेशंटवर तपासलेलं आहे, हे विचारायलाच हवं.

कपाटाची मांडणी पुस्तकांसारखी लेखकाच्या नावाने केली तर कुणाला काही सापडत नाही. थेरपिस्ट विचारतो, “सहा वर्षांचं मूल आहे, वीस मिनिटं आहेत, हस्ताक्षर बघायचंय.” म्हणून वय, काय मोजतं, किती वेळ लागतो, भाषा आणि कोण वापरू शकतं, असे रकाने लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या ‘आयसीएफ’ वर्गीकरणाचा इथे उपयोग होतो: शरीराचं काम, रोजच्या कृती आणि समाजातला सहभाग. बहुतेक संग्रहांत पहिल्या दोन खणांत गर्दी आणि तिसरा रिकामा दिसतो. सांध्याचा कोन मोजायला गोनिओमीटर दहा असतात, पेशंट परत बाजारात जायला लागला का हे विचारणारी प्रश्नावली एकही नसते.

प्रत्येक नोंदीत आणखी एक आकडा हवा: किती गुण वाढले म्हणजे खरा बदल. ‘बर्ग’वर ज्येष्ठांच्या एका अभ्यासात सुरुवातीच्या गुणांनुसार हा आकडा ४ ते ७ निघाला. दोन गुणांची वाढ त्या दिवशीच्या मूडचीही असू शकते. हा आकडा किटच्या झाकणावरच चिकटवलेला बरा. त्याच्या शेजारी आतल्या वस्तूंची यादी, म्हणजे किट परत येताना मोजून घेता येतं.

मुंबईत केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० मध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं, तेव्हा वर सांगितलेल्यांपैकी एकही चाचणी अस्तित्वात नव्हती. आज अडचण उलटी आहे. म्हणून छोट्या गावातल्या सेंटरने सगळं घ्यायच्या भानगडीत न पडता पाच-सहा मोफत चाचण्या नीट शिकाव्यात, आणि महागडं किट जवळच्या कॉलेजकडून त्यांच्या प्रशिक्षित माणसासकट मागून आणावं.