इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यातील शिकाऊ उमेदवारी: सही करण्यापूर्वी काय पाहावे?

बेंगळुरूजवळ देवनहळ्ळी येथे आणि कोलार जिल्ह्यात नरसापुरा येथे मोबाइल फोन तयार करणारे मोठे कारखाने आहेत. तेथे स्क्रू बसवायला माणसे मिळतात. मात्र सर्किट बोर्डवर बारीक भाग बसवणारे यंत्र चालवणारा, सोल्डरिंगमधला दोष ओळखणारा, नापास झालेला बोर्ड दुरुस्त करणारा कामगार सहज मिळत नाही. हे काम लाइनवर उभे राहूनच शिकता येते. बेळगाव, निपाणी, कोल्हापूरकडील आयटीआय झालेल्या मुलामुलींना इथे संधी आहे.

विद्यावेतन म्हणजे पगार नव्हे

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना २०१६ पासून सुरू आहे. उमेदवाराला आस्थापनेकडून दरमहा विद्यावेतन मिळते. त्यातील २५ टक्के, कमाल १,५०० रुपये, केंद्र सरकारचा वाटा असतो. २०२३ पासून हा वाटा थेट उमेदवाराच्या आधार-संलग्न बँक खात्यात जमा होतो.

शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ नुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. त्याचा भविष्य निर्वाह निधी कापला जात नाही. करारात तसे लिहिलेले नसेल, तर प्रशिक्षणानंतर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नसते. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय जादा वेळ काम मात्र करून घेता येत नाही.

गावात येऊन भरती करणारा ठेकेदार ‘अप्रेंटिस’ म्हणतो तेव्हा एकच प्रश्न विचारावा: करार अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदवलेला आहे का? नसेल तर ते साधे कंत्राटी काम आहे. त्याला विद्यावेतनाचा नव्हे, किमान वेतनाचा नियम लागतो. हा फरक किरकोळ नाही. डिसेंबर २०२० मध्ये नरसापुरा येथील तेव्हाच्या विस्ट्रॉन कारखान्यात वेतनावरून मोठा उद्रेक झाला. काही कामगारांना योग्य व वेळेवर वेतन मिळाले नव्हते, हे नंतर कंपनीनेच मान्य केले.

पुढे नोकरी लागल्यास

नोंदणीकृत शिकाऊ उमेदवारीमुळे ‘पहिल्या नोकरी’चा लाभ जात नाही, हे अनेकांना माहीत नसते. प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात प्रथमच ईपीएफओमध्ये नोंद होणाऱ्या, दरमहा १ लाख रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कर्मचाऱ्याला कमाल १५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. पहिला हप्ता सहा महिन्यांच्या नोकरीनंतर मिळतो. दुसरा बारा महिन्यांनंतर मिळतो, आणि त्यासाठी आर्थिक साक्षरता अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. यूएएन क्रमांक उमंग ॲपवर चेहरा पडताळणीने स्वतः काढावा.