मकरानचा भूकंप आणि मुंबईचा किनारा

सन १९४५ च्या नोव्हेंबर महिन्याची २८ तारीख. भारतीय प्रमाणवेळेप्रमाणे पहाटे साडेतीनच्या सुमारास अरबी समुद्राच्या उत्तर टोकास, मकरान किनाऱ्यासमोर, समुद्राचा तळ हादरला. किनाऱ्याचा हा भाग आज पाकिस्तानात मोडतो. पासनी आणि ओरमारा ही तेथील मच्छीमारांची जुनी गावे. त्यांची त्या पहाटे धूळधाण झाली. आजच्या गणिताप्रमाणे त्या भूकंपाची तीव्रता ८.१ होती. त्याने उठविलेले पाणी हजार किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून सकाळी आठच्या सुमारास मुंबईस येऊन पोहोचले. वर्सोवा, जुहू, दांडा आणि हाजीअली येथे समुद्र अवेळी चढला. होड्यांचे दोर तुटले. आणि मुंबईच्या किनाऱ्यावरील पंधरा माणसे वाहून गेल्याचे जुन्या वृत्तान्तांत नमूद आहे.

वस्तुतः या संकटाची वर्दी मुंबईस पाण्याच्या कितीतरी आधी पोहोचली होती. भूकंपाच्या सर्वांत जलद लहरी खडकातून सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने धावतात. म्हणजे मुंबईच्या भूमीखालून त्या अवघ्या दोन-तीन मिनिटांत पार झाल्या असल्या पाहिजेत. जपानमध्ये अध्यापन केलेले इंग्रज शास्त्रज्ञ जॉन मिल्न यांच्या पद्धतीचे भूकंपमापक यंत्र कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच बसविले गेले होते. खडकाने दिलेला निरोप आणि पाण्याचे आगमन यांत चार तासांहून अधिक अवधी गेला. त्या अवधीत वर्सोव्याच्या कोळ्याला सावध करील अशी कोणतीही व्यवस्था त्या काळी हिंदी महासागराच्या काठी नव्हती. समुद्रतळीच्या भूकंपांचे शास्त्र म्हणजे प्रामुख्याने याच अवधीचा अभ्यास होय.

मकरानजवळ अरबी समुद्राचा तळ उत्तरेकडील भूखंडाच्या पोटाखाली दरवर्षी काही सेंटीमीटर सरकत असतो. दोन्ही थर एकमेकांत अडकतात, ताण साचतो, आणि एके दिवशी अडसर सुटून वरचा थर उसळतो. त्याबरोबर त्यावरील पाण्याचा संपूर्ण स्तंभ उचलला जातो. वाऱ्याची लाट पृष्ठभागापुरती असते. या लाटेत मात्र तळापासूनचे पाणी हलते. म्हणून तिचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. चार हजार मीटर खोल समुद्रात ती ताशी सुमारे सातशे किलोमीटर वेगाने जाते. पन्नास मीटर खोलीवर तोच वेग ऐंशीपर्यंत उतरतो. मुंबईसमोर सुमारे तीनशे किलोमीटरपर्यंत समुद्र उथळ आहे. हा उथळ पट्टा ओलांडण्यातच लाटेचा बहुतेक वेळ खर्च झाला. वेग घटला की मागचे पाणी पुढच्यावर चढून लाटेची उंची वाढते. जपानी लोकांनी तिला ‘त्सुनामी’, म्हणजे बंदरातील लाट, असे नाव दिले, ते यामुळेच.

त्या दिवशीचा एक साक्षीदार अपोलो बंदरावर उभा होता. तेथे १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद ठेवली जात आहे. समुद्राशी जोडलेल्या विहिरीत एक तरंगता गोळा, त्यास जोडलेली लेखणी, आणि घड्याळाच्या गतीने फिरणारा कागद, अशी या जुन्या यंत्राची रचना. अशाच नोंदी कराचीसही झाल्या. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी या दोन बंदरांचे आलेख गणकयंत्रावरील प्रतिरूपाशी ताडून २०११ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्यात लाटा जणू कोंडल्या जातात आणि कित्येक तास मागे-पुढे हेलकावत राहतात, असे त्यांस आढळले. कराचीस पहिली लाट पहाटे साडेपाचला आली, परंतु सर्वांत मोठी लाट चौथी होती आणि ती सव्वाआठला आली, याचा उलगडा त्यामुळे होतो.

ज्ञान असूनही व्यवस्था उभी राहण्यास फार विलंब लागला. प्रशांत महासागरात १९४६ च्या आपत्तीनंतर तीनच वर्षांत, १९४९ मध्ये, हवाई बेटांवर सूचना केंद्र निघाले. हिंदी महासागरास मात्र २६ डिसेंबर २००४ ची वाट पाहावी लागली. सुमात्राजवळच्या भूकंपानंतर भारताच्या पूर्व किनाऱ्यास लाट पोहोचण्यास सुमारे दोन तास लागले. तेही तास १९४५ प्रमाणेच वाया गेले. त्या दिवशी निरनिराळ्या देशांत मिळून दोन लाखांहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यानंतर ऑक्टोबर २००७ मध्ये हैदराबादेस भारताचे त्सुनामी पूर्वसूचना केंद्र सुरू झाले.

या केंद्राचे काम तीन पायऱ्यांचे आहे. प्रथम भूकंपाचे स्थान व तीव्रता ठरवावयाची. जलद आणि मंद लहरींच्या आगमनातील अंतरावरून भूकंप किती दूर झाला हे कळते, आणि अशी तीन ठिकाणची अंतरे जुळविली की स्थान निश्चित होते. खडकातील लहरींना समुद्र आणि जमीन असा भेद नाही. भोपाळच्या चार इमलीसारख्या, सागरापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वस्तीच्या खालूनही त्या कोणाच्या ध्यानी न येता जातात, आणि म्हणून अंतर्भागातील यंत्रेही किनाऱ्याच्या रक्षणास उपयोगी पडतात. दुसरी पायरी पाण्याची. प्रत्येक भूकंप लाट उठवीत नाही. म्हणून खोल समुद्राच्या तळाशी ठेवलेली दाबमापके वरच्या पाण्यातील एखाद्या सेंटीमीटरचा चढउतार टिपतात आणि तो निरोप तरंगत्या खुणेवरून उपग्रहामार्फत किनाऱ्यास पोहोचतो. तिसरी पायरी गणिताची: आधीच करून ठेवलेल्या शेकडो प्रतिरूपांतून जुळणारे निवडून कोणत्या गावी किती वाजता किती पाणी चढेल, हे सांगितले जाते.

मकरानच्या तळाचे सरकणे थांबलेले नाही. तेव्हा ताण पुन्हा साचणार, हे उघड आहे. तो कोणत्या दिवशी सुटेल, हे कोणतेही शास्त्र सांगू शकत नाही. सुटल्यावर मात्र कोकणच्या व मुंबईच्या किनाऱ्यास काही तास मिळतील, एवढे निश्चित. त्या तासांत सूचना मिळताच उंच जागी जाणे, आणि पहिली लाट ओसरली म्हणून होडी पाहण्यास खाली न उतरणे, ही दोन पथ्ये वर्सोवा ते वेंगुर्ला प्रत्येक कोळीवाड्यात लहान मुलांनाही ठाऊक असली पाहिजेत. अपोलो बंदरावरच्या त्या जुन्या कागदाने शिकविलेला धडा एवढाच आहे, आणि त्याची किंमत पूर्वीच चुकती झालेली आहे.