गणपतराव देशमुख यांची विधानसभेतील कारकीर्द : एका विरोधी आमदाराच्या राजकारणाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

स्वतंत्र महाराष्ट्र राज्याच्या राजकीय इतिहासाचे लेखन प्रामुख्याने मुख्यमंत्री, सत्तांतरे आणि पक्षफुटी यांच्याभोवती फिरत राहिले आहे. जो आमदार हयातभर विरोधी बाकांवर बसला, त्याच्या कार्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने अकरा वेळा निवडून आलेले गणपतराव देशमुख (१९२६–२०२१) यांच्याविषयी लेखन झाले नाही असे नव्हे; परंतु ते बहुतांशी गौरवपर आहे. एस.टी.ने प्रवास करणारा साधा आमदार आणि विक्रमी वेळा निवडून आलेला आमदार अशा दोन प्रतिमांच्या चौकटीत त्यांना बसविले गेले.

यापैकी विक्रमाचा मुद्दा प्रारंभीच बाजूला ठेवणे योग्य होईल. तमिळनाडूत एम. करुणानिधी तेरा वेळा विधानसभेवर निवडून आले आणि केरळमध्ये के. एम. मणी यांनी पाला या एकाच मतदारसंघातून तेरा निवडणुका जिंकल्या. त्यामुळे अकरा विजयांची संख्या देशात सर्वाधिक ठरत नाही. देशमुख यांच्या कारकिर्दीचे ऐतिहासिक महत्त्व वेगळ्या ठिकाणी आहे. ज्या पक्षाच्या चिन्हावर ते निवडून येत होते तो पक्ष याच काळात क्षीण होत गेला. १९६७ मध्ये विधानसभेत या पक्षाचे १९ सदस्य होते, २०१४ मध्ये अवघे ३ उरले. पक्ष ओसरत असताना त्याचा एक आमदार अर्धशतकाहून अधिक काळ कसा टिकला, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे.

सांगोला आणि शेतकरी कामगार पक्ष

देशमुख यांचा जन्म मोहोळ तालुक्यातील पेनूर येथे झाला. कायद्याचे शिक्षण घेतल्यानंतर ते शेतकरी कामगार पक्षाच्या कार्यात ओढले गेले. केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृतींनी काँग्रेसमधून बाहेर पडून १९४८ मध्ये या पक्षाची उभारणी केली होती आणि १९५० च्या दाभाडी प्रबंधाने त्यास मार्क्सवादी-लेनिनवादी भूमिकेची बैठक दिली होती. तथापि ज्यांनी पक्ष स्थापिला त्यांनाच तो फार काळ धरून ठेवता आला नाही. जेधे १९५४ मध्ये काँग्रेसमध्ये परतले. मोरे आणि पुढे यशवंतराव मोहिते यांनीही तोच मार्ग धरला. यशवंतराव चव्हाण यांच्या बेरजेच्या राजकारणाने शेतकरी समाजातील कर्तबगार कार्यकर्ते सत्तेच्या परिघात आणले, हे सर्वश्रुत आहे.

देशमुख १९६२ मध्ये प्रथम निवडून आले ते या पार्श्वभूमीवर. त्या निवडणुकीत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने जिंकल्या; शेतकरी कामगार पक्षाच्या वाट्याला १५ आल्या. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन यशस्वी होऊन समितीचे प्रयोजन संपले होते आणि विरोधी राजकारणास नवे कारण शोधावे लागणार होते. सांगोल्यापुरते ते कारण जमिनीवर आणि आभाळात लिहिलेले होते. पर्जन्यछायेच्या पट्ट्यातील हा तालुका. सरासरी पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास आणि तोही बेभरवशाचा. माण नदी वर्षातील बराच काळ कोरडी. शेजारच्या पंढरपूर-माळशिरस भागात कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहत असताना सांगोल्याचा शेतकरी बाजरी-ज्वारी, शेळ्यामेंढ्या आणि हंगामी स्थलांतर यांवर गुजराण करीत होता. एकाच जिल्ह्यातील ही दरी सांगोल्याच्या राजकारणाचा पाया ठरली.

या मतदारसंघात धनगर समाजाची संख्या लक्षणीय असून देशमुख स्वतः त्याच समाजातील होते. त्यांच्या विजयाची मीमांसा पुष्कळदा येथेच थांबते. जातीय गणिताचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. मात्र तेवढ्याने उलगडा होत नाही. त्याच मतदारसंघाने, त्याच सामाजिक रचनेसह, त्यांना दोनदा पराभूत केले.

दोन पराभव

पहिला पराभव १९७२ चा. इंदिरा गांधी यांच्या लाटेत काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा घेतल्या आणि शेतकरी कामगार पक्ष ७ वर आला. निवडणूक मार्चमध्ये झाली. त्यानंतरचा पावसाळा कोरडा गेला आणि राज्यात शतकातील भीषण दुष्काळांपैकी एक अवतरला. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांपर्यंत पोहोचली. कामाची मागणी, मजुरीचे दर, कामाच्या ठिकाणी पाणी व धान्य या प्रश्नांवर डाव्या पक्षांनी मोर्चे काढले. हा संघर्ष आणि वि. स. पागे यांनी मांडलेली संकल्पना यांच्या संयोगातून रोजगार हमी योजनेचे १९७७ च्या कायद्यात रूपांतर झाले व तो १९७९ मध्ये अमलात आला. दुष्काळ ओसरत असताना, १९७४ च्या पोटनिवडणुकीत, सांगोल्याने देशमुख यांना पुन्हा सभागृहात पाठविले.

या पोटनिवडणुकीचे परिणाम वरवर दिसतात त्याहून दूरगामी ठरले. आणीबाणीमुळे त्या विधानसभेची मुदत लांबली आणि १९७७ मध्ये विरोधी पक्षनेतेपद देशमुख यांच्याकडे आले. १९७४ चा विजय नसता तर ही संधी त्यांना मिळालीच नसती. फेब्रुवारी १९७८ च्या निवडणुकीनंतर आधी दोन्ही काँग्रेसचे सरकार आले. जुलैमध्ये ते कोसळून शरद पवार यांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचे मंत्रिमंडळ अस्तित्वात आले आणि त्यात देशमुख मंत्री झाले. फेब्रुवारी १९८० मध्ये ते सरकार बरखास्त करण्यात आले. मंत्रिपदाचा हा काळ दीड वर्षाहून थोडा अधिक.

दुसरा पराभव १९९५ चा. काँग्रेसचे शहाजी पाटील यांनी त्यांचा अवघ्या १९२ मतांनी पराभव केला. तेहतीस वर्षांच्या सार्वजनिक जीवनानंतरचा हा निकाल बालेकिल्ला या शब्दाच्या सैल वापरावर नेमके बोट ठेवतो. सांगोला हा देशमुख यांचा बालेकिल्ला नव्हता. प्रत्येक वेळी झुंजून राखावा लागणारा मतदारसंघ होता. त्यांच्या कारकिर्दीचा अर्थ विजयांपेक्षा या पराभवांनंतरच्या वर्षांत अधिक स्पष्ट होतो, कारण आमदारकी नसतानाही त्यांचे राजकारण थांबले नाही. त्याचे कारण पाण्याच्या प्रश्नात सापडते.

पाण्याचा प्रश्न

कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजेच बच्छावत आयोगाने, महाराष्ट्राच्या वाट्यास ५६० अब्ज घनफूट पाणी दिले होते आणि या निवाड्याचा फेरविचार मे २००० नंतर होऊ शकणार होता. तोपर्यंत आपल्या वाट्याचे पाणी अडविले व वापरले नाही तर हक्क दुबळा होईल, ही भीती नव्वदच्या दशकात सर्वत्र होती. परंतु पाणी अडविले तरी ते कोणास द्यावयाचे, हा प्रश्न उरतच होता. नदीकाठच्या बागायतीस आणखी पाणी, की उपसा करून उंचावरील अवर्षणग्रस्त तालुक्यांस?

या प्रश्नावर क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडी येथे पाणी परिषदा भरू लागल्या. कृष्णा खोऱ्यातील तेरा दुष्काळी तालुक्यांतील शेतकरी त्यांत एकत्र येत. गणपतराव देशमुख, भारत पाटणकर आदींनी या व्यासपीठावरून समन्यायी पाणीवाटपाची मागणी लावून धरली. पाणी हे धरणाजवळच्यांची मिरास नसून खोऱ्यातील प्रत्येक कुटुंबाचा त्यावर हक्क आहे, अशी ही भूमिका होती. कृष्णेचे पाणी कराडजवळ टेंभू येथून उचलून सांगली जिल्ह्यातील दुष्काळी तालुक्यांमार्गे सांगोल्यापर्यंत नेण्याची योजना याच काळात आकारास आली.

महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ १९९६ मध्ये स्थापन झाले. सांगोल्याच्या पाण्याचा निर्णय ज्या वर्षांत होत होता, नेमक्या त्याच वर्षांत त्या पाण्याचा जुना वकील सभागृहाबाहेर होता. एरवी आमदाराचा पराभव म्हणजे मागणीचाही अंत असतो. येथे मागणीचे वाहन सभागृहाबाहेर आधीच उभे होते. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना ही विरोधी सदस्याची आयुधे. पण परिषदेचा ठराव आणि मोर्चा पाठीशी असल्याखेरीज ती बोथट राहतात. सभागृह आणि चळवळ यांची अशी सांगड घालण्याची रीत देशमुख यांच्या दीर्घ कारकिर्दीचा खरा कणा होय. अर्थात तिचे फळ सावकाश मिळाले. टेंभूचे पाणी तालुक्यात येण्यास दशके लागली, आणि समन्यायी वाटपाचे तत्त्व कागदावर जितके स्वीकारले गेले तितके शिवारात उतरले नाही.

संस्थात्मक कार्यातही हीच दृष्टी दिसते. पश्चिम महाराष्ट्रात नेतृत्वाचा आधार साखर कारखाना असतो. देशमुख यांचे नाव जोडले गेले ते सांगोल्याच्या शेतकरी सहकारी सूतगिरणीशी. साखरेला पाणी लागते, सुताला बाहेरून आणलेला कापूस व हात पुरेसे असतात. पाणी नसलेल्या तालुक्यात रोजगार उभा करण्याचा हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय मानावा लागेल. १९९० नंतर रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेतून तालुक्यात बोर आणि विशेषतः डाळिंबाची लागवड विस्तारली व कमी पाण्यावरील बागायतीचा एक मार्ग निघाला.

सत्ता आणि पक्ष

१९९९ मध्ये देशमुख पुन्हा निवडून आले. पक्षाचे पाच सदस्य होते आणि विलासराव देशमुख यांच्या आघाडी सरकारला त्यांची गरज होती. देशमुख दुसऱ्यांदा मंत्री झाले. २००२ मध्ये पक्षाने पाठिंबा काढून घेतला, त्यामागे प्रामुख्याने रायगड जिल्ह्यातील राष्ट्रवादी काँग्रेसशी असलेला स्थानिक संघर्ष होता. रायगडच्या वादापायी सांगोल्याचे मंत्रिपद गेले. लहान पक्षाची शिस्त पाळण्याची ही किंमत होती आणि ती त्यांनी चुकती केली. पक्षांतर करून मंत्रिपद टिकविणे त्या काळात अशक्य नव्हते.

मात्र या निष्ठेची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. सांगोल्यात जी कार्यपद्धती रुजली ती सोलापूर जिल्ह्यातील अन्य तालुक्यांत पसरली नाही. २००४ मध्ये पक्षाचे दोनच आमदार निवडून आले. पाणी परिषदेचा पाया तेरा तालुक्यांचा होता, पण त्यातून तेरा तालुक्यांचा पक्ष उभा राहिला नाही. परिषदेत लाल बावट्याखाली येणारा शेतकरी मतदानाच्या दिवशी आपल्या तालुक्यातील कारखान्याकडे, बँकेकडे पाहून मत देत होता. ही मर्यादा एकट्या देशमुख यांची नसली तरी त्यांच्या राजकारणातून ती वगळता येत नाही.

२०१४ मध्ये वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यांनी अकरावी निवडणूक जिंकली. २०१९ मध्ये ते वयोमानामुळे उभे राहिले नाहीत. पक्षाने त्यांचे नातू अनिकेत देशमुख यांना उमेदवारी दिली आणि शिवसेनेकडून लढणाऱ्या शहाजी पाटील यांनी ही जागा ७६८ मतांनी जिंकली. ३० जुलै २०२१ रोजी सोलापूर येथे गणपतराव देशमुख यांचे निधन झाले. २०२४ च्या निवडणुकीत त्यांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख सांगोल्यातून विजयी झाले. २८८ सदस्यांच्या सभागृहात शेतकरी कामगार पक्षाला मिळालेली ती एकमेव जागा होती.