रूटची मुतालकी

पेशवेकालीन कागदपत्रांत ‘मुतालिक’ वारंवार भेटतो. धन्याच्या वतीनें कारभार पाहणारा व त्याचाच शिक्का उठविणारा तो मुतालिक. शिक्का दुसऱ्याच्या हातीं द्यावा, पण किती, हा प्रश्न संगणकाच्या राज्यांतहि उद्भवला.

१९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स प्रणाली रचावयास आरंभ केला. तिच्यांत सर्व व्यवहार आज्ञा टंकून चालत. प्रत्येक वापरकर्त्यास एक क्रमांक असे. शून्य क्रमांकाचा धनी तो ‘रूट’. कोणाचीहि फाइल त्यानें वाचावी, हवी तर पुसून टाकावी. त्याला आडकाठी नाहीं. त्याचे अधिकार हवे असल्यास ‘सु’ ही आज्ञा देऊन रूटचा परवलीचा शब्द सांगावा लागे. म्हणजे किरकोळ कामासाठींहि सबंध शिक्काच हातीं जाई. आणि तो शब्द चौघांस ठाऊक झाला, कीं नासधूस कोणीं केली हें ठरविणें कठीण.

यावर तोडगा १९८० च्या सुमारास निघाला. न्यूयॉर्क राज्यांतील बफेलोच्या विद्यापीठांत बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर यांनीं ‘सुडो’ ही आज्ञा लिहिली. (मराठी कानास ‘सूड’ आठवतो, पण संबंध नाहीं.) तिच्या मुळाशीं रिचीचीच जुनी युक्ति होती: विशिष्ट खूण असलेला प्रोग्राम चालविणाऱ्याच्या नव्हे, तर मालकाच्या अधिकारानें चालावा. तिला १९७९ मध्यें पेटंटहि मिळालें. आज ‘सुडोअर्स’ नांवाच्या यादींत कोणीं कोणती आज्ञा द्यावी हें लिहिलेलें असतें. सुडो सामान्यतः वापरकर्त्याचाच परवलीचा शब्द विचारतो, आणि नोंदींत त्याचें स्वतःचें नांव राहतें. मुतालिकानें धन्याचा शिक्का उठवावा, पण सही आपली करावी, असा हा प्रकार. यादींत एखादी चूक राहिली तर मार्ग खुंटूं शकतो. म्हणून ती ‘व्हिसुडो’नें तपासूनच बदलावी, असा दंडक आहे. व्यवहारांत मात्र बहुधा यादीस हात लावावा लागत नाहीं; उबुंटूंत ‘सुडो’ गटांत व फेडोरांत ‘व्हील’ गटांत माणूस घातला, कीं काम झालें. अर्थात् त्या वाटेनें पुन्हा सबंध शिक्काच दिला जातो, हें सोयीच्या भरांत विसरलें जातें.

रिचर्ड स्टॉलमन यांना असे निवडक गटच खटकत. आपल्या ‘सु’मध्यें त्यांनीं व्हीलची अट घातली नाहीं, मूठभरांनीं इतरांवर सत्ता गाजवूं नये, हें त्यांचें कारण. ती भीति मला पोकळ वाटत नाहीं. परंतु सर्वांच्या हातीं शिक्का आणि नोंद कोणाचीच नाहीं, ही व्यवस्था मी तरी पत्करणार नाहीं.

स्वतः सुडोहि निर्दोष नव्हता. २०११ मध्यें त्यांत शिरलेला एक दोष जानेवारी २०२१ मध्यें उघड झाला. यादींत नांव नसलेल्या सामान्य वापरकर्त्यासहि त्यांतून रूट होतां येत होतें.