‘भूक मरणे’ आणि दुष्काळातील शिध्याचे माप

‘भूक मरणे’ हा मराठीतील नित्याचा वाक्प्रचार आहे. जेवणाची वेळ टळली की ‘आता भूक मेली’ असे आपण सहज म्हणतो. दुष्काळाविषयी बोलतानाही हाच वाक्प्रचार योजला जातो. अर्धपोटी राहून राहून माणसांची भूकच मरून गेली, असे. हे दोन्ही प्रयोग एकाच शारीरिक अवस्थेचे वाचक आहेत काय, हा प्रश्न केवळ अर्थविचाराचा नाही. दुष्काळाचा इतिहास लिहिणाऱ्यासही तो टाळता येत नाही.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘भूक’ हा संस्कृत ‘बुभुक्षा’ या शब्दापासून प्राकृतातील ‘भुक्खा’ या रूपाच्या द्वारे आलेला शब्द होय. ‘बुभुक्षा’ हे भुज् धातूचे इच्छादर्शक रूप; म्हणजे व्युत्पत्तीने भूक ही खाण्याची इच्छा ठरते. परंतु मराठीची वाक्यरचना निराळेच सांगते. ‘मी जेवतो’ येथे ‘मी’ कर्ता आहे; ‘मला भूक लागते’ येथे भूकच कर्त्याच्या जागी बसते आणि माणूस ती सोसणारा उरतो. तहान, झोप, थंडी यांचीही गत हीच. चरकसंहितेतही क्षुधेची गणना रोखू नयेत अशा तेरा वेगांमध्ये केली आहे. भूक ही इच्छा की वेग, या प्रश्नावर वैद्यक आणि मराठी व्याकरण एका बाजूस दिसतात. व्युत्पत्ती मात्र एकटी पडते. इच्छेसाठी आपण निराळे शब्द राखून ठेवले आहेत: अन्नावर वासना नसणे, तोंडाला रुची नसणे. रोग्याविषयी बोलताना हा भेद आपली आजी बिनचूक पाळीत असे.

शरीरशास्त्रास हा भेद स्पष्ट करावयास विसावे शतक उजाडावे लागले. १९१२ मध्ये कॅनन आणि वॉशबर्न यांनी भुकेची कळ व जठराचे आकुंचन यांचा संबंध दाखविला. त्यासाठी वॉशबर्न यांनी स्वतः रबरी फुगा गिळला होता. पण जठर हे भुकेचे एकमेव स्थान नव्हे. १९५१ मध्ये बाळकृष्ण आनंद (पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक) आणि ब्रोबेक यांनी, मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या पार्श्वभागी अन्नग्रहणाचे केंद्र असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांनी सिद्ध केले. १९९४ मध्ये चरबीतून स्रवणारे लेप्टिन आणि १९९९ मध्ये मुख्यतः जठरातून स्रवणारे घ्रेलिन सापडले. घ्रेलिन नेहमीच्या जेवणवेळेस चढते आणि अन्न मिळाले नाही तरी काही वेळाने उतरते. आपल्या वाक्प्रचाराचा पहिला प्रयोग असा अक्षरशः खरा आहे.

दुसऱ्या प्रयोगाची गोष्ट वेगळी. कळंब तालुक्यातील येरमाळा हे बालाघाटच्या डोंगरातील येडेश्वरीचे क्षेत्र, शेजारी तुळजापूर. या मुलखात नवरात्राचे नऊ दिवस उपवास धरणारी घरे पुष्कळ. भूक नेहमीच्या वेळी येते, थोडी छळते आणि निघून जाते, हे उपवासकऱ्यास ठाऊक असते; संपूर्ण लंघनात तर काही दिवसांनी ती बरीच मंदावते. पण उपवास स्वेच्छेचा असतो व त्यास पारणे असते. महिनोन्‌महिने अर्धपोटी राहणे ही त्याहून भिन्न अवस्था आहे. हा भेद १८७७ साली राज्यकर्त्यांस मानवला नाही.

येरमाळा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. म्हणून पुढील प्रकरण लगतच्या मुंबई इलाख्याचे आहे. व्हाइसरॉय लिटन याने पाठविलेल्या सर रिचर्ड टेंपल याने जानेवारी १८७७ मध्ये दुष्काळी कामावरील पुरुष मजुराचा शिधा दिवसास एक पौंड धान्य आणि वर अल्पसे पैसे इतका खाली आणला. निर्वाहास एवढे पुरते, असे त्याचे प्रतिपादन होते. मुंबई इलाख्यातील मजुरांनी मोठ्या संख्येने कामे सोडली; पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी दीड पौंड धान्य व शिवाय डाळ-भाजी हवी असा आग्रह धरला, आणि मार्चमध्ये मद्रास सरकारला शिधा काहीसा वाढवावा लागला.

एक पौंड ज्वारी म्हणजे सुमारे दीड हजार उष्मांक. योगायोग असा की १९४४–४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा येथे अँसेल कीज यांनी छत्तीस निरोगी स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांना मिळणारे अन्न साधारण तेवढ्याच उष्मांकांचे होते. ते चालत असत, पण खडी फोडीत नसत. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, शरीराचा अंतर्गत खर्च पुष्कळ उतरला. ती माणसे मंद, थंडीने कुडकुडणारी, निरुत्साही झाली. आणि त्यांची भूक? ती मेली नाही. ते दिवसभर अन्नाविषयीच बोलत, पाककृती वाचीत, ताटे चाटीत. प्रयोग संपल्यावरही कित्येकांस पोट भरूनही तृप्ती होईना.

म्हणजे दीर्घ अर्धपोटात मरतो तो उत्साह, भूक नव्हे. शरीर हालचाल आखडते, बोलणे कमी करते, आणि पाहणाऱ्यास वाटते की या माणसास काही नको आहे. जुन्या सरकारी कागदांत मजुरांच्या आळसाची तक्रार आढळली, तर ती शिध्याच्या मापाशेजारी ठेवून वाचली पाहिजे. मजुरी कामाच्या मापावर दिली जात असेल तर आणखी एक फेरा सुरू होतो: अशक्ताचे काम कमी, म्हणून मजुरी कमी, म्हणून अन्न कमी.

१९७०–७३ च्या अवर्षणात उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, हा तीव्र झळ लागलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख मजूर होते. पाझर तलाव, रस्ते, खडी ही तेव्हाची कामे. सुकडी आणि लाल मिलो ही तेव्हाची अन्ननामे अजून वृद्धांच्या बोलण्यात येतात. त्यांच्या आठवणी टिपणाऱ्या विद्यार्थ्याने ‘भूक मेली होती’ हे उत्तर मिळताच लेखणी थांबवू नये. त्या दिवसांत स्वप्नात काय येई, सुकडी घरच्या कोणासाठी राखून ठेवीत, आणि पुढच्या सुगीत पहिल्यांदा पोटभर भाकरी मिळाली तेव्हा किती खाल्ली, हेही विचारावे.