कँटरबरीची सराई

जेफ्री चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील यात्रेकरू कँटरबरीला कधीच पोहोचत नाहीत. लंडनलगतच्या सदर्क येथील टॅबर्ड या सराईतून ते निघतात. परंतु १४०० मध्ये कवीचे निधन झाले आणि काव्य अपुरेच राहिले. कवी हे काव्य रचीत होता त्याच सुमारास, अशा यात्रेकरूंच्या मुक्कामासाठी कँटरबरीत एक भव्य सराई उभी राहत होती. तिचे नाव ‘चेकर ऑफ द होप’.

११७० मध्ये आर्चबिशप टॉमस बेकेट यांची कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये हत्या झाली. ११७३ मध्ये त्यांना संतपद मिळाले आणि त्यांच्या समाधीकडे यात्रेकरूंचा ओघ सुरू झाला. १३९१ मध्ये मठाधिपती झालेल्या टॉमस चिलेंडन यांनी १३९२ ते १३९५ या काळात ८६७ पौंडांहून अधिक खर्चून ही सराई बांधविली. मठाच्या दृष्टीने ती यात्रेकरूंची सोय होती, तसेच उत्पन्नाचे साधनही होते. श्रद्धा आणि व्यवहार यांची फारकत त्या काळाने केलेली नव्हती.

कॅथीड्रलच्या प्रवेशद्वाराकडे जाणारी मर्सरी लेन ही चिंचोळी गल्ली हाय स्ट्रीटला जेथे मिळते, त्या कोपऱ्यावर ही वास्तू आहे. तळमजल्यावर दगडी कमानी आणि त्यांत दुकाने. वरचे मजले लाकडी चौकटीचे, एकेक मजला खालच्यापेक्षा रस्त्यावर किंचित पुढे आलेला. तळाची जागा व्यापाराला आणि वरची मुक्कामाला, ही विभागणी रचनेतूनच स्पष्ट होते.

पंधराव्या शतकातील एका अज्ञात कवीने चॉसरचे अपुरे सूत्र पुढे नेले. ‘द टेल ऑफ बेरिन’च्या प्रास्ताविकात त्याने यात्रेकरूंना याच सराईत उतरविले. तेथे ते समाधीचे दर्शन घेतात, यात्रेची खूण म्हणून बिल्ले विकत घेतात. बाथची गृहिणी मठवासिनीसह बागेत फिरते. आणि पापक्षमापत्रांचा विक्रेता पार्डनर सराईतल्या किट या स्त्रीच्या मागे लागून मार खातो.

१५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत बेकेट यांची समाधी उद्ध्वस्त झाली आणि यात्रा संपली. ज्या कारणासाठी सराई बांधली गेली, ते कारणच उरले नाही. १८६५ च्या आगीत तिचा मोठा भाग भस्मसात झाला. मर्सरी लेनच्या कोपऱ्यावरील भाग तेवढा बचावला. त्याच्या तळाशी दुकाने आहेत.

टॅबर्डचे दैव याहून कठोर ठरले. १६७६ च्या सदर्कमधील आगीत ती जळाली. पुन्हा बांधलेली इमारतही एकोणिसाव्या शतकात पाडण्यात आली. चॉसरने अजरामर केलेल्या सराईचा मागमूस उरला नाही. त्याच्या काव्यात जिचा उल्लेखही नाही, तिचा एक कोपरा मात्र आजही उभा आहे.